गाठ सोडून निघालेल्या पेशीचं गणित

अपूर्णांक (धागाकर्ता)

काल रात्री माझ्या संगणकावर कर्करोगाच्या पेशींच्या ९०७ आभासी वसाहती मेल्या. हजारातल्या उरलेल्या ९३ तगल्या आणि फोफावल्या. त्या ९३ वसाहतींनी असं काही दाखवलं की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून हा धागा.

मी डॉक्टर नाही. पोटासाठी आकडेमोडच करतो, पण ती वेगळ्या गोष्टींची. गेले काही महिने कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून निघून दुसरीकडे बस्तान कसं बसवतात, त्याची गणितं वाचतोय आणि जमतील तेवढी स्वतः चालवून बघतोय. वैद्यकीय चूक दिसली तर बिनधास्त कान धरा.

आधी सोपं गणित. रोनाल्ड फिशर यांनी १९३७ साली एक समीकरण मांडलं, ते उपयुक्त जनुक लोकसंख्येत कसं पसरतं यासाठी. त्याच वर्षी कोल्मोगोरोव, पेत्रोव्स्की आणि पिस्कुनोव या तिघांनीही तेच समीकरण सोडवलं. त्यात दोनच गोष्टी आहेत: पेशी इकडेतिकडे भटकतात आणि भटकता भटकता दुप्पट होत जातात. यातून निघतं ते असं की पसरण्याची कड ठरावीक वेगानं पुढे सरकते. विसरणाचा (म्हणजे भटकण्याचा) दर गुणिले वाढीचा दर, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची, की वेग मिळाला. समजा विसरण दिवसाला ०.१ चौरस मिलिमीटर आणि वाढ दिवसाला एक टक्का. गुणाकार ०.००१, वर्गमूळ सुमारे ०.०३२, दुप्पट ०.०६३ मिलिमीटर. म्हणजे वर्षाला साधारण २३ मिलिमीटर. मेंदूतल्या ग्लायोमा गाठींसाठी क्रिस्टिन स्वॉन्सन, जेम्स मरे वगैरे मंडळींनी हेच समीकरण वापरलं. एमआरआयला पेशींची गर्दी एका पातळीच्या वर गेली तरच दिसते, तिथून पुढची विरळ शेपटी दिसत नाही. ती किती लांब असेल याचा अंदाज मात्र समीकरण देतं. शस्त्रक्रियेत दिसणारी गाठ पूर्ण काढली तरी ग्लायोमा कडेला परत का उगवतो, ते इथं कळतं.

दुसरा टप्पा कडेवरच्या घुसखोरीचा. १९९६ साली गेटनबी आणि गावलिन्स्की यांनी मांडलं की गाठ स्वतःभोवती आम्ल सोडते, त्यानं शेजारच्या निरोगी पेशी आधी मरतात आणि मग गाठ त्या मोकळ्या जागेत शिरते. त्यांच्या समीकरणातून गाठ आणि निरोगी ऊती यांच्यात एक रिकामी फट निघाली, आणि काही नमुन्यांत ती खरंच दिसली. २००० साली अँडरसन, चॅप्लेन आणि सहकाऱ्यांनी पेशींभोवतीचं प्रथिनांचं जाळंही गणितात घेतलं. पेशी एन्झाइम सोडून ते जाळं विरघळवतात आणि जिकडे जाळं अजून दाट आहे तिकडे सरकतात. आधी बांध फोडायचा आणि मग त्याच बांधाच्या काठाला धरून पुढे जायचं, असा प्रकार.

इथपर्यंत सगळं गुळगुळीत चालतं, कारण पेशी कोट्यवधी आहेत. (एक पेशी ३० वेळा दुप्पट झाली की शंभर कोटींच्या वर जाते.) मग त्यातली एखादी रक्तवाहिनीत शिरते आणि इथं समीकरणाचा पाय घसरतो. घनतेचं समीकरण निर्विकारपणे सांगतं की यकृतात ०.३ पेशी पोचल्या. ०.३ पेशी म्हणजे काय? एक तरी पोचते किंवा एकही नाही. आणि पोचली तरी तगेलच असं नाही. १९७० मध्ये आयझेया फिडलर यांनी उंदरांच्या शिरेत किरणोत्सारी खूण केलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशी सोडल्या. शेवटपर्यंत तगल्या त्या फार तर हजारात एखादी.

एकट्या पेशीला जुगाराचं गणित लागतं. विभागण्याची शक्यता दहा, मरण्याची नऊ, असं धरलं तर तिचा वंश बुडण्याची संभाव्यता नऊ भागिले दहा, म्हणजे ९० टक्के. वाढ मरणापेक्षा जास्त असूनही! एकेका पेशीपासून सुरू केलेल्या माझ्या हजार वसाहतींपैकी ९०७ बुडाल्या त्या याच हिशोबानं.

आता झोप उडवणारी गोष्ट. जगलेल्या ९३ वसाहती सुरुवातीला अपेक्षेपेक्षा खूपच वेगानं वाढलेल्या दिसतात. कारण साधं आहे. ज्या सुरुवातीला रेंगाळल्या त्या मेल्या आणि मोजणीतून गळाल्या. नशिबानं पहिल्याच फेऱ्यांत भराभर विभागल्या त्याच आपल्याला दिसतात. आता कुणी या जगलेल्यांचा आजचा सरासरी आकार बघून, वाढीच्या नेहमीच्या वेगानं उलटं मोजत गेलं, तर वसाहत खरी सुरू झाली त्याच्याही २३ एककं आधीची तारीख मिळते (एक एकक म्हणजे एका विभागणीला सरासरी लागणारा वेळ). विभागणीला सरासरी दहा दिवस लागतात असं धरलं तर चूक साडेसात महिन्यांची. "हे कधी पसरलं?" या प्रश्नाचं उत्तर आपण नेमकं असंच उलटं मोजून काढत असतो.

---

तळ्यात_मळ्यात

वाचनखूण साठवली. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचणार. वर्गमूळापाशी जरा दम लागला.

---

स्टेथोस्कोप

चांगलं लिहिलंय, पण कान धरायला सांगितलेत म्हणून धरतो. ग्लायोमा मेंदूतल्या मेंदूत वाट्टेल तसा पसरतो, मेंदूबाहेर मात्र क्वचितच जातो. तुमचं सगळ्यात देखणं समीकरण जिथं उत्तम चालतं, तिथं मेटास्टॅसिस, म्हणजे दुसऱ्या अवयवात पसरणं, जवळपास नसतोच. गणितवाल्यांची ही खोड जुनी आहे, दिव्याखाली उजेड आहे म्हणून किल्ली तिथं शोधायची.

दुसरं, पेशी कुठंही जाऊन पडत नाहीत. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ मृत्यूंचे अहवाल तपासले आणि म्हटलं की यकृतासारख्या काही अवयवांत गाठी मिळतात त्या योगायोगानं नव्हेत. बी सगळीकडे उडतं, उगवतं ते मानवेल त्या मातीत. पुढे जेम्स युइंग यांनी उलट बाजू घेतली: रक्त जिकडे नेईल तिकडे पेशी अडकतात, माती-बिती काही नाही. मोठ्या आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून तिथल्या कर्करोगाच्या सेकंडरी (पसरून झालेल्या दुय्यम गाठी) आधी यकृतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या सेकंडरी मणक्यात दिसतात, आणि बॅटसन यांनी १९४० साली तिथून मणक्याकडे जाणाऱ्या, झडपा नसलेल्या शिरांचं जाळं दाखवलं. दोघंही थोडे थोडे बरोबर निघाले. तुमच्या जुगारात माती कुठाय?

---

अपूर्णांक

मान्य, किल्ली आणि दिवा दोन्ही मान्य. :)

माती माझ्या जुगारात एकाच आकड्यात दडलीय: मरण्याची शक्यता. यकृतात नऊ असेल तर प्लीहेत कदाचित साडेनऊ. तेवढ्यानंच तगण्याची शक्यता १० टक्क्यांवरून ५ वर येते. म्हणजे मातीतला जरासा फरक, पिकात निम्म्याचा. रक्तप्रवाह ठरवतो किती बी कुठं पडेल. दोन्हींचा गुणाकार करायचा, भांडण मिटलं. निदान कागदावर तरी.

पॉल न्यूटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी वेगळीच युक्ती केली. त्यांनी पेशी, एन्झाइम, रक्तप्रवाह सगळं बाजूला ठेवलं. अमेरिकेतल्या १९१४ ते १९४३ दरम्यानच्या ३८२७ शवविच्छेदनांच्या नोंदी घेतल्या. कुठल्या मूळ कर्करोगात कुठल्या अवयवात सेकंडरी सापडल्या, एवढंच. त्यावरून अवयवांचं जाळं बांधलं आणि एका अवयवातून दुसऱ्यात जाण्याच्या शक्यता अशा जुळवल्या की पुष्कळ पावलांनंतर येणारी वाटणी या नोंदींशी जमेल. मार्कोव्ह साखळी म्हणतात याला. पुढच्या वर्षी त्यांनी अवयवांचे दोन गट केले: येईल ते पुढे धाडणारे आणि येईल ते शोषून बसणारे. धाडणाऱ्यांत अॅड्रिनल (मूत्रपिंडावरची ग्रंथी) आणि मूत्रपिंड, शोषणाऱ्यांत जवळच्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड), यकृत आणि हाडं.

---

गोंधळलेला_कोल्हा

एवढ्या जुन्या नोंदी कशाला? आज तर स्कॅनचा ढीग असेल.

---

स्टेथोस्कोप

जुन्या आहेत म्हणूनच कामाच्या, कोल्हेबुवा. तो काळ केमोच्या आधीचा. औषधांनी वाट न वळवलेला रोग आपल्या मर्जीनं कुठं कुठं गेला, ते त्यात दिसतं. आता असा विदा (डेटा) मिळणार नाही आणि मिळूही नये.

पण एक खटकतं. शवविच्छेदन म्हणजे शेवटचं पान. आधी यकृतात गेला की आधी हाडात, हे शेवटच्या पानावरून कळत नाही. ते साखळीच्या गृहीतकानं भरून काढलंय. शिवाय त्यातलं पाऊल म्हणजे नुसतं पाऊल, महिने नव्हेत. "आता पुढे कुठं?" यावर ती साखळी काहीतरी बोलू शकते. "कधी?" विचारलं की गप्प.

---

तळ्यात_मळ्यात

मार्कोव्ह साखळी म्हणजे सापशिडी का हो? सोंगटी ४७ वर आहे एवढंच महत्त्वाचं, शिडीनं चढून आली की सापानं गिळून, याच्याशी पुढच्या फाशाला देणंघेणं नाही?

---

अपूर्णांक

अगदी तीच. याहून सोपं मला जमलं नसतं. आणि दुखणंही तिथंच आहे, कारण खऱ्या पेशीला मागचं आठवतं. गाठीतून सुटताना तिनं शेजारणींना चिकटण्याचा गुण टाकून भटकण्याचा गुण उचललेला असतो आणि नव्या जागी रुजताना बहुधा परत उलटं व्हावं लागतं. कुठून आली त्यावर ती आत्ता कशी आहे हे ठरतं. म्हणून २०१९ मध्ये फ्रान्सेन, लोरेन्झी, बर्जेस आणि चॅप्लेन यांनी मूळ गाठीसाठी एक पट आणि दुय्यम अवयवांसाठी वेगळे पट मांडले, पेशींचे भटक्या आणि चिकट असे दोन प्रकार ठेवले, आणि एका पटावरून दुसऱ्यावर जाताना रक्तात जगण्याची संभाव्यता घातली. म्हणजे सोंगट्या दोन रंगांच्या आणि सापशिडीचे पट अनेक. पेशी सुट्या मोजायच्या आणि एन्झाइम, जाळं यांना समीकरणं लावायची, अशी सरमिसळ. मला ही वाट सगळ्यात प्रामाणिक वाटते.

---

निशिगंध

मला गणितातलं फार कळत नाही, पण पहिल्या पोस्टचा शेवट वाचून लिहावंसं वाटलं. आईचा स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रिया, केमो, गोळ्या, सगळं नीट झालं. सात वर्षांनी कंबर दुखते म्हणून फोटो काढला तर हाडात निघाला. डॉक्टर म्हणाले, पेशी बहुधा पहिल्यापासूनच तिथं असाव्यात. त्या पहिल्या वेळी गाठ हाताला लागल्यावर आम्ही दोन महिने घालवले होते. आधी घरातलं लग्न उरकू म्हणून. त्या दोन महिन्यांत निघाल्या असतील का? तुमचं गणित एवढं सांगू शकेल?

---

अपूर्णांक

निशिगंधताई, नाही सांगू शकणार. तुमचा प्रश्न टाळण्यासाठी असं म्हणत नाहीये, का नाही तेही सांगतो.

उलटं मोजायला वाढीचा वेग लागतो. इथं मधली वर्षं पेशी नुसत्या पडून असण्याची शक्यता मोठी आहे, विभागणी जवळपास बंद. किती वर्षं बंद होती ते कुठल्याच फोटोत दिसत नाही. एक वर्ष झोपून सहा वर्षं सावकाश वाढलेली गाठ आणि सहा वर्षं झोपून एका वर्षात वाढलेली गाठ, शेवटच्या फोटोत दोन्ही सारख्याच. एका ठिपक्यातून कितीही रेघा काढता येतात. त्यावर आधी सांगितलेली जुगाराची चूक वेगळी, आणि ती एकटीच तुमच्या दोन महिन्यांहून मोठी असू शकते.

२००० साली इवाता आणि सहकाऱ्यांनी यकृताच्या कर्करोगाच्या एका रुग्णात बऱ्याच दुय्यम गाठींचे आकार वेगवेगळ्या तारखांना मोजून मागचा इतिहास मांडला होता. तिथं पुष्कळ गाठी आणि पुष्कळ तारखा होत्या, म्हणून जमलं.

---

स्टेथोस्कोप

निशिगंध, यात माझेही दोन शब्द. गाठ हाताला लागते तेव्हा ती सहसा कित्येक वर्षांची असते. त्या काळात ती पेशी सोडत नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. गाठ लागली की लगेच दाखवावं हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहीन. पण तुमच्या त्या दोन महिन्यांकडे बोट दाखवणारा कुठलाही पुरावा नाही, गणितातही नाही. हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनवर पोसल्या जाणाऱ्या) प्रकारात तर पाच वर्षांच्या गोळ्या पूर्ण झाल्यावरही पुढची पंधरा वर्षं परत येण्याचा धोका हळूहळू चालूच राहतो. आईंना आता कसं आहे?

---

निशिगंध

दुखणं आटोक्यात आहे. सकाळी बागेत एक फेरी मारते. "एका ठिपक्यातून कितीही रेघा" हे मी भावाला वाचून दाखवलं. दोन महिन्यांचा हट्ट त्याचा होता. काही बोलला नाही, पण फोन लगेच ठेवलाही नाही.

---

खडूस_काका

हे सगळं ठीक. पण इतक्या वर्षांच्या समीकरणांनी एका तरी रुग्णाचं भलं झालं का? नाहीतर उंटावरून शेळ्या हाकणंच.

---

स्टेथोस्कोप

काका, एक उदाहरण माझ्या बाजूचं देतो. गाठ लहान असते तेव्हा भराभर वाढते आणि मोठी होत जाते तशी मंदावते. या वक्राला गोम्पर्ट्झचं नाव आहे, मूळचा तो १८२५ सालचा, विम्यासाठी माणसांच्या मरणाचा हिशोब करायला काढलेला. त्यावरून नॉर्टन आणि सायमन यांनी तर्क केला: केमोनं गाठ लहान झाली की उरलेली जास्त वेगानं वाढते, मग दोन डोसांमध्ये तिला तीन आठवडे कशाला द्यायचे? दोनच द्या. औषध तेवढंच, फक्त अंतर कमी. मध्ये पांढऱ्या पेशी सावरायला इंजेक्शन. २००३ मध्ये लसीकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, दोन आठवड्यांचं वेळापत्रक सरस ठरलं. हे वेळापत्रक आजही वापरात आहे.

---

खडूस_काका

बरं. एक शेळी हाकली गेली म्हणायची.

---

गोंधळलेला_कोल्हा

नव्यानं शंका. पेशी एकटीच का निघेल? पाच-दहा जणींचा घोळका निघाला तर?

---

अपूर्णांक

कोल्हेबुवा, नेमकं पकडलंत! एकटीचा वंश बुडण्याची शक्यता ०.९. दहा जणी एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या धरल्या तर सगळ्यांचा वंश बुडण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. तगण्याची शक्यता १० टक्क्यांवरून थेट ६५ वर. पण लक्षात घ्या, दहा सुट्या पेशी वेगवेगळ्या जागी पडल्या तरी निदान एक तगण्याची शक्यता तेवढीच, ६५! म्हणजे नुसत्या जुगारात घोळक्याला काहीच फायदा नाही. २०१४ मध्ये आचेतो आणि सहकाऱ्यांनी उंदरांत मोजलं तर घोळक्यांची नवी गाठ धरण्याची ताकद सुट्या पेशींच्या २३ ते ५० पट निघाली. हा जादा फायदा एकमेकींना धरून राहण्यातूनच येत असणार, आणि तो माझ्या मॉडेलमध्ये नाही.

---

स्टेथोस्कोप

घोळके केशवाहिनीत अडकत असतील, पुढे जाणारच नाहीत, असं आम्ही बरीच वर्षं धरून चाललो होतो. २०१६ मध्ये कृत्रिम बारीक नळ्यांत बघितलं तर घोळका एकामागे एक अशी रांग करून पार होतो आणि पलीकडे गेल्यावर परत गोळा होतो. मुंग्यांसारखा.

---

तळ्यात_मळ्यात

मी पण प्रोग्रॅम लिहिला! (कोल्ह्यानं मदत केली.) पण काहीतरी गंडलंय. मरण्याची आणि विभागण्याची शक्यता सारखी ठेवली, हजार वसाहती, ९९ एककं. जवळजवळ सगळ्या मेल्या, १० उरल्या. तरी सरासरी काढली तर वसाहतीमागे एक पेशी, सुरुवातीला होती तेवढीच. हे कसं शक्य आहे? भागाकार तीनदा तपासला.

---

अपूर्णांक

गंडलेलं नाही, बरोबर आलंय. उरलेल्या १० वसाहतींत पेशी किती आहेत ते बघा.

---

तळ्यात_मळ्यात

एकीत ३११. एकीत १२. दहा जणींची बेरीज १००४.

अरे देवा.